गहवा: पेय एक, विशेषणे अनेक

२०२२च्या जानेवारीत सौदी अरेबियातल्या हॉटेलांना आणि कॉफीच्या दुकानांना सरकारी आदेश मिळाला. मेन्यूवर ‘अरबी कॉफी’ छापले असेल तर ते काढून ‘सौदी कॉफी’ लिहायचे. कृतीत, भांड्यात, वेलदोड्याच्या प्रमाणात काहीही बदलायचे नव्हते. ते सालच तिथे ‘सौदी कॉफीचे वर्ष’ म्हणून जाहीर झाले होते. दुरून पाहणाऱ्याला हा पाटी रंगवण्याचा खटाटोप वाटेल, पण या पेयाच्या नावाचा गुंता फार जुना आहे.

‘कहवा’ (आखाती उच्चारात ‘गहवा’) हा शब्द कॉफीच्या आधीपासून अरबीत होता आणि मद्यासाठी वापरला जात होता. कॉफीच्या दाण्याला अरबीत म्हणतात ‘बुन्न’; गुजरातीतला ‘बुंददाणा’ त्याच घराण्यातला. पंधराव्या शतकात येमेनमधले सुफी रात्रीच्या जपात जागे राहण्यासाठी हे पेय घेऊ लागले, तेव्हा मद्याचे नाव त्याला चिकटले आणि पुढे डोकेदुखी झाले. १५११ मध्ये मक्केत बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी आणली. लोक रात्री घोळक्याने बसतात आणि पेला हातोहात फिरवतात, अगदी मद्यपींसारखा, असा आक्षेप होता. तेव्हा मक्केवर सत्ता असलेल्या कैरोच्या दरबाराने ती बंदी फार काळ टिकू दिली नाही.

शब्दाचा दुसरा घोळ युरोपने केला. १७५३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव देताना ‘अरेबिका’ हे विशेषण लावले गेले, कारण व्यापाराचा माल अरबस्तानातून, मुख्यतः येमेनच्या मोखा बंदरातून येई. झाड मुळात इथिओपियाचे. त्यामुळे आज ‘अरेबिका’ म्हणजे बियाण्याची जात आणि ‘अरबी कॉफी’ म्हणजे करण्याची आणि वाढण्याची रीत. पहिली आपल्या चिकमगळूरच्या डोंगरातही पिकते. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्याची तिथली आख्यायिका प्रसिद्धच आहे. दुसरी मात्र अरबांच्या बैठकीत भेटते. दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

ती रीत २०१५ मध्ये युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत ‘औदार्याचे प्रतीक’ म्हणून नोंदली गेली. अर्ज चार देशांचा होता: संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार. दोनच वर्षे आधी तुर्की कॉफी त्या यादीत बसली होती. २०१५च्या नोंदीत येमेन नाही. हे पेय जिथे रुजले, ज्या बंदराने ते जगभर पोचवले, त्या देशाचे नाव नाही. त्याच वर्षी तिथे युद्धाचा भडका उडाला होता हे खरे. तरीही ही नोंद वाचताना ती मोकळी जागा खटकते.

रीत थोडक्यात अशी. दाणे पाहुण्यासमोर भाजायचे, खलबत्त्यात कुटायचे. कुटण्याचा ठेका हेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमंत्रण. डाव्या हातात लांब चोचीचा दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, उजव्या हातात बिनकानाचे फिंजान. कप पाव भरायचा. काठोकाठ भरलेला कप म्हणजे ‘प्या आणि निघा’. पहिला कप दैफचा, म्हणजे पाहुण्याचा; दुसरा कैफचा (हा शब्द आपण जसाच्या तसा उचललाय); तिसरा सैफचा, तलवारीचा. पुरे झाले की कप हलवून परत द्यायचा. कोकणातून आखातात नव्याने गेलेला माणूस हे न कळल्याने नको असताना कपामागून कप रिचवत बसतो. बदूंमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांमध्ये, काही मागायला आलेला पाहुणा कप समोर नुसता ठेवून देतो आणि मागणी मान्य होईपर्यंत पीत नाही. मुलीला मागणी घालायला गेलेले वडीलधारे हेच करतात.

आता पुन्हा २०२२कडे. त्या वर्षाअखेरीस सौदी अरेबियाने त्याच यादीत एकट्याच्या नावावर आणखी एक नोंद मिळवली: खौलानी कॉफीच्या लागवडीचे ज्ञान. खौलान हे जमातीचे नाव, आणि ती जमात सौदी–येमेन सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. ही कॉफी पिकते ते जिझानचे डोंगर १९३४च्या ताइफ करारानंतर सौदीचे ठरले. झाडे त्याच्या कितीतरी आधीची.

नावामागे पैसाही आला. मे २०२२ मध्ये सरकारी गुंतवणूक निधीने कॉफी कंपनी काढली. दहा वर्षांत १.२ अब्ज रियाल घालून देशातले उत्पादन वर्षाला ३०० टनांवरून २,५०० टनांवर न्यायचे, असा बेत जाहीर झाला. हे आकडेच सांगतात की ‘सौदी’ कॉफीचा बहुतेक दाणा बाहेरचा आहे. त्यात इथिओपियाचा वाटा जुना. वेलदोडा एकेकाळी केरळातून जाई, आता ग्वाटेमालाचा अधिक. चवही देशभर एक नाही. नज्दमध्ये, म्हणजे देशाच्या मध्यभागी, दाणा फिकट भाजतात आणि पेय पिवळसर सोनेरी उतरते, जोडीला केशर किंवा लवंग. उत्तरेला जॉर्डनकडे सरकावे तसतसे ते काळे आणि कडू होत जाते.

दल्ला अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावर १९७३पासून आहे. तिथल्या मेन्यूवर हेच पेय अजून ‘अरबी कॉफी’ म्हणून मिळते.