पायी वारी (आषाढी पालखी सोहळा)

ज्येष्ठ महिन्यात देहू, आळंदी व महाराष्ट्रातील इतर संतस्थानांहून निघून आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोहोचणारी, ठरलेल्या मुक्कामांनी चालणारी वारकऱ्यांची सामुदायिक पदयात्रा. वारकरी वर्षात आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री अशा चार वाऱ्या मानतात. त्यांत आषाढी सर्वांत मोठी. संतांच्या पादुका पालखीत ठेवून, दिंड्यांच्या (एकत्र चालणाऱ्या वारकरी गटांच्या) क्रमाने व नेमाच्या भजनासह चालण्याची रीत याच वारीत पूर्णत्वास गेली. चालणे हे येथे पंढरपूर गाठण्याचे केवळ साधन नाही. वाटेवरचा प्रत्येक दिवस हीच उपासना आहे. म्हणून या नोंदीत पंढरपूर क्षेत्रापेक्षा वाटचालीचाच विचार प्रामुख्याने केला आहे.

प्राचीनता : पंढरपूरला यात्रेस जाण्याची प्रथा ज्ञानेश्वरांच्या आधीची आहे, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. होयसळ राजा सोमेश्वर याच्या १२३७ च्या शिलालेखात भीमातीरावरील या स्थानाचा निर्देश येतो. शके ११९५ ते ११९९ (१२७३–७७) या काळातील ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखात विठ्ठल मंदिरासाठी देणग्या देणाऱ्यांची नावे आहेत. त्यात यादव राजा रामचंद्र याचा पंढरीच्या फडाचा (वारकऱ्यांच्या संघटनेचा) प्रमुख असा उल्लेख असल्याचे बहुतेक संशोधक मानतात. तसे असल्यास भक्तांची काही संघटना त्या काळीही होती, एवढे म्हणता येते. मात्र ती आजच्या फडासारखी होती, असा निष्कर्ष त्यावरून काढणे धाडसाचे ठरेल. तुकारामांच्या घराण्यात विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी होती, असे परंपरा सांगते. या सर्व उल्लेखांत माणसे वारीला जातात. पण संतांच्या पादुका पालखीतून जात असल्याचा उल्लेख त्यांत नाही.

पालखीचा आरंभ : या प्रश्नावर दोन परंपरा सांगितल्या जातात आणि त्यांची अनेकदा सरमिसळ होते. देहूच्या परंपरेनुसार तुकारामांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी तुकारामांच्या पादुका पालखीत ठेवून त्या आळंदीस नेल्या, तेथे ज्ञानेश्वरांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही पादुकांसह एकच पालखी पंढरपुरी नेली. या घटनेचे वर्ष बहुधा १६८५ असे दिले जाते. काही ठिकाणी १६८० च्या आसपासचा काळ सांगतात. ‘ज्ञानबा-तुकाराम’ या जोडनामाचा गजर याच सोहळ्यात रूढ झाला असे मानतात. नारायणमहाराजांना देहू, येलवाडी व किन्हई या गावांचे इनाम मिळाले. पुढे त्यांच्या वंशजांत हक्कांवरून तंटे उत्पन्न झाले व त्यांची झळ पालखीलाही लागली.

दुसरी परंपरा आळंदीची. सातारा भागातील आरफळचे हैबतराव पवार हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. उत्तरेतून गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कोंडून ठेवले, तेथे त्यांनी हरिपाठाचा आधार घेतला आणि सुटका होताच ते घरी न जाता आळंदीस येऊन राहिले, अशी कथा आहे. कथेचा तपशील श्रद्धेतून आलेला आहे व तो तसाच घ्यावा. देहूकरांतील तंट्यांनंतर ज्ञानेश्वरांच्या पादुकांची स्वतंत्र पालखी हैबतबाबांनी सुरू केली. त्यासाठी १८३२ हे वर्ष नेहमी दिले जाते. मात्र काहींच्या मते सोहळा त्याआधीच आकार घेऊ लागला होता, म्हणून एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध म्हणणे अधिक सुरक्षित. बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू व इतर सरंजाम पुरवला. खंडोजीबाबा वासकर व सुभानजी शेळके यांचे साहाय्य लाभले. हैबतबाबांची समाधी आळंदीच्या मंदिरात महाद्वाराच्या पायरीशी आहे आणि आळंदीच्या कार्तिकी यात्रेच्या आरंभी या पायरीचे पूजन होते.

पालखीची कल्पना नारायणमहाराजांची आणि आज दिसणारी शिस्त हैबतबाबांची, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. मुक्कामाची आखणी, तळावरील तंबू, दिंड्यांचे क्रमांक, कर्ण्याचे (तुतारीसारख्या वाद्याचे) संकेत, चोपदारांचा (चोप म्हणजे दंड घेऊन शिस्त राखणाऱ्यांचा) अधिकार यांत लष्करी छावणीत वावरलेल्या माणसाचा हात स्पष्ट जाणवतो. काही अभ्यासक या लष्करी अंगाला गौण मानतात व फडांच्या जुन्या रिवाजांना अधिक महत्त्व देतात. भजनाच्या क्रमापुरते त्यांचे म्हणणे ग्राह्य आहे. तळाच्या व्यवस्थेबाबत मात्र ते पटत नाही.

तिथी व मुक्काम : परंपरेने देहूचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीस व आळंदीचे अष्टमीस होते. अष्टमीपासून आषाढ शुद्ध दशमीपर्यंत अठरा तिथी भरतात. पण तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाल्यास सूर्योदयांची संख्या कमीजास्त होते. दशमी चुकवता येत नाही, म्हणून हा फरक वाटेतच मिटवावा लागतो. आळंदीच्या पालखीत तो मुख्यतः लोणंद येथे मिटवतात. तेथील मुक्काम कधी एक दिवसाचा, कधी दीड, तर कधी दोन दिवसांचा असतो.

आळंदीचा मार्ग सुमारे २५० किमी. आहे. पहिली रात्र पालखी आळंदीतच ‘आजोळघरी’ काढते. मग पुणे (दोन रात्री), सासवड (दोन रात्री), जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम पडतात. पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत कष्टाचा. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. वाल्हे सोडल्यावर नीरा नदीवर पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. तुकारामांची पालखी आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या मार्गाने वाखरीस येते. तिच्या वाटेवर काटेवाडीला परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि तेथेच मेंढ्यांचे रिंगण (पालखीभोवती धावणे) होते.

दिनक्रम : पहाटे काकडा व पादुकांची पूजा होते. मग कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला तंबू उतरवून सामान बांधायचे, दुसऱ्याला दिंडीने आपल्या जागी उभे राहायचे, तिसऱ्याला पालखी हलते. सर्वांत पुढे नगारखाना, त्यामागे दोन अश्व. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, कारण तो माउलींचा, म्हणजे ज्ञानेश्वरांचा. मग रथापुढच्या २७ दिंड्या, पालखीचा रथ आणि रथामागच्या दिंड्या. त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. दिंडीत पुढे पताकाधारी, मागे टाळकऱ्यांच्या ओळी, ओळींच्या मध्ये पखवाजी, मग विणेकरी आणि डोईवर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया. वीणा खाली ठेवत नाहीत. विणेकरी थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दिंडीची ओळ तोडून मधून जाणे हा प्रमाद मानतात.

भजनही वाटेल तसे चालत नाही. सकाळी काकड्याचे अभंग, भूपाळ्या, पुढे वासुदेव, आंधळे-पांगळे अशी रूपके, दिवस चढल्यावर गौळणी, त्या त्या वाराचे अभंग आणि संध्याकाळी हरिपाठ असा क्रम आहे. त्यात स्थानाचाही मान राखतात. सासवडला सोपानदेवांच्या समाधीचे अभंग म्हणतात, जेजुरी जवळ आली की खंडोबाची रूपके सुरू होतात. ज्याला अभंग पाठ आहेत, त्याला घड्याळ न पाहताही दिवस कोठवर आला आणि पुढचे गाव किती लांब आहे हे कळते. हे पाठांतर बहुतेकांना चालता चालताच होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी शेकडो अभंग मुखोद्गत केले ते याच वाटेवर, आणि संतवाङ्मय टिकवण्यातला वारीचा हा वाटा पोथ्यांच्या वाट्याहून कमी नाही.

तळावर पोहोचल्यावर होणारी समाजआरती हा दिवसातील सर्वांत पाहण्याजोगा भाग. पालखी मध्ये, भोवती दिंड्या वर्तुळाकार उभ्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंच धरून हाळी देतो आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असे समजायचे. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो आणि तोडगा निघाला की ते टाळही थांबतात. मग हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. एवढ्या जनसमुदायाचे गाऱ्हाणे रोजच्या रोज, सर्वांसमक्ष, आरतीपूर्वी ऐकून घेण्याची ही पद्धत सोहळ्याच्या घडणीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. सोहळ्यावर लिहिताना रिंगणावर पाने खर्ची पडतात आणि समाजआरतीला एखादी ओळ मिळते, हे उफराटे आहे.

रिंगण, म्हणजे वारकऱ्यांनी व अश्वांनी दिंड्यांच्या ओळींमधून किंवा पालखीभोवती धावणे, उभे किंवा गोल असते. आळंदीच्या पालखीचे पहिले उभे रिंगण तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे होते. गोल रिंगणे माळशिरसच्या अलीकडे व त्यापुढे होतात. पताकावाले, तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी धावतात आणि शेवटी अश्व. त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. त्यानंतर उडीचा खेळ, फुगड्या, हमामा. वेळापूरजवळ ‘धावा’ होतो. तुकारामांना येथून पंढरीचा कळस दिसला व ते धावत सुटले, अशी समजूत आहे.

जेवणखाण व मुक्कामाची सोय प्रत्येक दिंडी आपापली करते. दिंडीत येणारा ‘भिशी’ भरतो. त्यातून शिधा, राहुट्या, पाण्याचा टँकर व सामानाचा ट्रक यांचा खर्च भागतो. ट्रक पुढे जाऊन तळावर राहुट्या उभारतो. कोणत्याही दिंडीत नसलेले, स्वतःच्या बळावर चालणारे वारकरीही पुष्कळ. गावोगावचे अन्नदान हा त्यांचा आधार.

सामाजिक अंग : वारकरी वय, जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात व ‘माउली’ म्हणून हाक मारतात. वाटेवर हे खरे असले तरी स्वयंपाकात व मंदिराच्या दारात ते दीर्घकाळ खरे नव्हते. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीतील ब्राह्मण व मराठा स्त्रिया एकत्र चालत, पण पंक्ती वेगळ्या मांडत, हे खेदाने नोंदवले आहे. अस्पृश्य मानलेल्या जातींचे वारकरी शेकडो वर्षे चालत आले. त्यांची वाट मात्र चोखामेळ्याच्या समाधीपाशी, महाद्वाराबाहेर संपे. साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर मंदिर त्यांना खुले झाले. वारीतील समतेची चर्चा करताना ही तारीख विसरता कामा नये. स्त्रियांची संख्या मोठी असूनही जुन्या साधनांत त्यांचे उल्लेख ओझरते आहेत.

अलीकडील काळ : दोन्ही पालखी मार्गांना राष्ट्रीय महामार्ग ९६५ (आळंदी) व ९६५ जी (देहू) असे क्रमांक मिळाले असून त्यांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. रुंद रस्त्याने रथाची अडचण कमी केली. पण त्यापायी जुनी सावली गेली आणि काँक्रीटवर अनवाणी चालणाऱ्याचे पाय अधिक पोळतात. कोविड साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही. मोजक्या लोकांसह पादुका एसटी बसने पंढरपुरी नेण्यात आल्या.

वाखरी ते परतवारी : त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची, पैठणहून एकनाथांची, सासवडहून सोपानदेवांची अशा पालख्या वाखरीस एकत्र येतात, नामदेवांची पालखी पंढरपुराहून त्यांना सामोरी जाते. शेवटच्या टप्प्यात ज्ञानेश्वरांची पालखी सर्वांत मागे असते. एकादशीस चंद्रभागेचे स्नान व नगरप्रदक्षिणा होते. अनेकांना गाभाऱ्यातील दर्शन मिळत नाही. ते कळसाला हात जोडून वारी पुरी झाल्याचे मानतात. पौर्णिमेस गोपाळपूरला गोपाळकाला होतो आणि त्यानंतर पालख्या परतीला लागतात. परतवारीत दिंड्या थोड्या, मुक्काम कमी व टप्पे लांब असतात. आळंदीची पालखी साधारण दहा दिवसांत स्वस्थानी येते. बहुतेक वारकरी पौर्णिमेपर्यंत किंवा त्याआधीच गाडीने घरी गेलेले असतात, कारण पेरणी झालेल्या शेतात खुरपणी आलेली असते.