टर्मिनेटर जेनिसिस

'टर्मिनेटर' या अमेरिकी विज्ञानकथापटांच्या मालिकेतील पाचवा चित्रपट. दिग्दर्शन अ‍ॅलन टेलर यांचे, पटकथा लाएटा कॅलोग्रिडिस आणि पॅट्रिक लुसिए यांची. स्कायडान्सने निर्मिलेला आणि पॅरामाउंटने वितरित केलेला हा चित्रपट अमेरिकेत १ जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झाला. तीन चित्रपटांच्या नव्या मालेचा हा पहिला भाग ठरायचा होता. पुढचे दोन निघालेच नाहीत.

जेम्स कॅमेरॉन यांचा १९८४ चा मूळ चित्रपट सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये झाला होता आणि तो गोष्ट म्हणून अगदी सरळ होता. भविष्यातून 'टर्मिनेटर' हा यंत्रमानव एका तरुणीला मारायला येतो, एक सैनिक तिला वाचवायला. १९९१ च्या दुसऱ्या भागाला चार ऑस्कर मिळाले. त्यानंतर कॅमेरॉन बाजूला झाले आणि मालिकेचे हक्क या हातातून त्या हातात फिरत राहिले. २००९ चा चौथा भाग काढणारी कंपनी तर दिवाळखोरीत गेली. २००३ ते २०११ टर्मिनेटरची भूमिका करणारे अर्नोल्ड श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. ते पडद्यावर मोकळे झाल्यावर त्यांच्याभोवतीच नवी जुळवाजुळव झाली.

कथानक मूळ चित्रपटाच्याच टोकाला गाठ मारते. २०२९ मध्ये यंत्रांविरुद्ध लढणाऱ्या माणसांचा नेता जॉन कॉनर आपला सैनिक काइल रीस याला १९८४ मध्ये धाडतो. काइल पोहोचतो तर तिथली सारा कॉनर, म्हणजे मूळ चित्रपटातली ती तरुणी आणि जॉनची होणारी आई, भेदरलेली वेट्रेस नाही, बंदूक चालवण्यात तरबेज आहे. १९७३ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, कोणीतरी पाठवलेल्या टर्मिनेटरने तिला वाढवले आहे. ती त्याला 'पॉप्स' म्हणते; ही भूमिका श्वार्झनेगर यांची. दोघे तरुण तिथून २०१७ मध्ये उडी मारतात, कारण 'जेनिसिस' नावाची सगळी उपकरणे जोडणारी प्रणाली म्हणजेच मानवजातीचा घात करणारे स्कायनेट असते. आणि खुद्द जॉन कॉनर आता सूक्ष्म यंत्रांनी बनलेला शत्रू झालेला असतो.

पहिला अर्धा तास बघण्यासारखा आहे. ग्रिफिथ वेधशाळेपाशी तरुण, नग्न टर्मिनेटर येतो तो प्रसंग पुन्हा नव्याने चित्रित केला. शरीर एका व्यायामपटूचे, चेहरा संगणकावर घडवलेला. तीन टवाळखोरांकडे तो कपडे मागतो, इथपर्यंत सगळे जसेच्या तसे. आणि मग मागून म्हातारा पॉप्स बंदूक घेऊन पुढे येतो. कल्पना झकास आहे. पण त्यातच चित्रपटाची अडचणही दिसते: ज्याने मूळ चित्रपट पाहिलेला नाही त्याला यात मजा नाही, आणि ज्याने पाहिला आहे त्याला सतत मूळच आठवत राहते.

यंत्र म्हातारे कसे होते, याचे उत्तर मात्र चांगले सापडले आहे. आतला सांगाडा तसाच राहतो, वरची कातडी जिवंत असल्याने सुरकुतते. कातडी फाटून हाताचे धातू उघडे पडल्याने पॉप्सला कालप्रवास करता येत नाही, म्हणून तो १९८४ पासून २०१७ पर्यंत एकेक वर्ष काढत येतो. काइल आणि तो मॅगझिनमध्ये गोळ्या भरण्याची चढाओढ लावतात आणि मध्येच त्याचा हात अडतो. सगळ्या स्फोटांपेक्षा हा एवढासा क्षण जास्त लक्षात राहतो. जेसन क्लार्क (जॉन), एमिलिया क्लार्क (सारा) आणि जय कोर्टनी (काइल) यांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळ काळाचा गुंता एकमेकांना समजावून सांगण्याचेच काम आले आहे. ली ब्युंग-हुन यांचा द्रवधातूचा पोलीस धाक बसवतो आणि लवकरच संपतो, जे. के. सिमन्सही वाया गेले.

जॉन कॉनर शत्रू झाला आहे, हा कथेतला सर्वांत मोठा धक्का. तो प्रसिद्धीच्या ट्रेलरमध्येच फोडून टाकला गेला. दिग्दर्शकांनी त्याबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली. मुळात दोन चित्रपटभर ज्याला वाचवायचे होते त्यालाच खलनायक केल्यावर आधीच्या सगळ्या धडपडीला अर्थ काय उरतो, याचे उत्तर पटकथेकडे नव्हते. प्रदर्शनापूर्वी चित्रपटाची भलामण करणाऱ्या कॅमेरॉन यांनीही पुढे हात झटकले.

निर्मितीखर्च सुमारे १५.५ कोटी डॉलर होता आणि जगभरची तिकीटविक्री सुमारे ४४ कोटी. आकडा ऐकायला भरघोस, पण अमेरिकेतून त्यातले जेमतेम ९ कोटी आले. चीनने त्याहून जास्त, ११ कोटींवर दिले. चीनमधील विक्रीतून परदेशी स्टुडिओच्या पदरात तेव्हा साधारण चतुर्थांशच पडे. २०१७ आणि २०१८ साठी राखून ठेवलेल्या पुढच्या भागांच्या तारखा रद्द झाल्या. २०१९ च्या सहाव्या चित्रपटाने दुसऱ्या भागानंतरचे सगळेच बाजूला ठेवले. तो तर याहूनही कमी चालला.

१९७३ मध्ये पॉप्सला पाठवले कोणी, हे पुढच्या भागासाठी राखून ठेवले होते. श्रेयनामावली सुरू झाल्यावर मध्येच एक प्रसंग येतो: उद्ध्वस्त इमारतीखाली स्कायनेटचा गाभा लाल प्रकाशात अजून शाबूत असतो.