बेंच प्रेस : बारबेल आणि डंबेल

बेंच प्रेस : बाकावर उताणे पडून छातीवरचे वजन सरळ वर ढकलण्याचा व्यायाम. छातीचा मोठा स्नायू, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर, भरण्यासाठी व्यायामशाळांत याच्याइतका दुसरा कोणताही प्रकार केला जात नाही. दोन्ही हातांनी एकच लांब दांडी धरली तर तो बारबेलचा, प्रत्येक हातात सुटे वजन घेतले तर डंबेलचा. गोव्यातील व्यायामशाळांत बारबेलला ‘रॉड’ म्हणतात आणि ‘बेंच किती मारतोस?’ या प्रश्नाचे उत्तर रॉडवरच्या वजनातच अपेक्षित असते.

शब्द व साधने : ‘डंबेल’चा शब्दशः अर्थ ‘मुकी घंटा’. याबद्दल कोशकारांत वाद नाही. घंटा मुकी कशी झाली याबद्दल आहे. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा ओढण्यासारखी, पण घंटाच नसलेली दोर व वजनाची चौकट इंग्लंडमध्ये व्यायामासाठी वापरीत आणि तिचे नाव पुढे हातातल्या वजनाला चिकटले, असे एक मत. दोन्ही टोके घंटेसारखी फुगीर पण आवाज नाही म्हणून हे नाव, असे दुसरे. इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसन याच्या जुलै १७११ मधील एका निबंधाकडे पाहता पहिले मत अधिक पटते. खोलीच्या कोपऱ्यात बसवलेल्या ‘डंब बेल’वर आपण रोज सकाळी तासभर व्यायाम करतो, असे तो लिहितो, कोपऱ्यात बसवतात ती चौकट, हातातले वजन नव्हे. त्याच निबंधात दोन्ही टोकांना शिसे भरलेल्या आखूड काठ्या हातात घेऊन करायच्या व्यायामाचे वर्णनही आहे. आज आपण ज्याला डंबेल म्हणू ती वस्तू हीच, पण ॲडिसन तिला ते नाव देत नाही. ‘बारबेल’ हा शब्द नंतरचा, डंबेलच्या धर्तीवर बनवलेला. जुन्या बारबेलच्या टोकांना तबकड्यांऐवजी पोकळ किंवा भरीव गोळे असत.

प्राचीन ग्रीसमध्ये लांब उडी मारताना हातात धरायच्या वजनांना हाल्तेरेस म्हणत. पोर्तुगीज भाषेत डंबेलला आजही त्यावरूनच आलेला ‘आल्तेर’ हा शब्द आहे. त्यामुळे गोव्यात शिरलेल्या दोन युरोपीय भाषांत या एकाच वस्तूला ग्रीक वजनाचे आणि इंग्रजी घंटेचे अशी दोन वेगळी नावे भेटतात. मराठी तालमीत मुद्गल, करेला, नाल ही वजने होती, पण उताणे पडून ढकलण्याचा प्रकार नव्हता. छातीचे काम जोर काढून होई. तेथे हात जमिनीवर स्थिर आणि अंगच वजन, म्हणजे बेंच प्रेस पालथा केल्यासारखे. या दृष्टीने जोर हा रॉडच्या जवळचा.

प्रसार : हा व्यायाम आधी जमिनीवर पडून करीत, बाक नंतर आला. एस्टोनियातील तार्तू येथे जन्मलेला मल्ल जॉर्ज हाकेनश्मिट याने जमिनीवर पडून ३६१ पौंड, म्हणजे सुमारे १६४ किग्रॅ. वजन ढकलले ही नोंद वारंवार उद्धृत होते. साल कोठे १८९८, कोठे १८९९ दिलेले आढळते. जो नॉर्डक्वेस्ट याने १९१६ मध्ये दोन पौंड अधिक उचलून हा विक्रम मोडला तेव्हा तो अठरा वर्षे टिकला होता, असेही त्याच वर्णनांत म्हटलेले असते. तो हिशेब १८९८ शीच जुळतो, म्हणून ते साल अधिक ग्राह्य वाटते. हाकेनश्मिटच्या दांडीच्या तबकड्या सुमारे ४८ सेंमी. व्यासाच्या होत्या, वजन उचलून देणारा कोणी नसताना तो दांडी जमिनीवरून आपल्या अंगावर गडगडत आणू शकला, हे त्या उंचीमुळेच.

बाकावरचा प्रकार रुळला तो १९५० च्या दशकात, शरीरसौष्ठवाच्या लाटेबरोबर. याच दशकात कॅनडाच्या डग हेपबर्नने ५०० पौंडांचा टप्पा गाठला. १९७२ हे वर्ष येथे दुहेरी महत्त्वाचे : उभ्याने डोक्यावर वजन दाबण्याचा प्रकार म्यूनिकनंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला आणि आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. पॉवरलिफ्टिंग म्हणजे कमाल वजन उचलण्याचा खेळ; त्याच्या तीन प्रकारांपैकी बेंच प्रेस हा एक. पॅरालिंपिक पॉवरलिफ्टिंगमध्ये तर तो एकमेव प्रकार आहे. राजिंदर सिंग राहेलू यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे त्यात भारताला कांस्यपदक मिळवून दिले. स्पर्धा नेहमी बारबेलचीच असते. रॉडचा मान मुख्यतः या मोजमापातून आलेला आहे, छाती अधिक भरते म्हणून नव्हे. दोन्ही गोष्टी एकच मानण्याची चूक जुन्या प्रशिक्षकांकडूनही होते.

स्नायूवरील परिणाम : पेक्टोरॅलिस मेजर गळ्याजवळचे हाड, उरोस्थी आणि वरच्या बरगड्यांच्या कूर्चा यांपासून निघून दंडाच्या हाडाला चिकटतो. त्याचे मुख्य काम दंड छातीसमोरून आत ओढणे. रॉडवर तळवे एका जागी जखडलेले असतात. ढकलताना ते नकळत दांडीला बाहेरच्या बाजूलाही ताण देतात. दांडी ताणली जात नाही, म्हणून तो जोर कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सच्या उपयोगी पडतो. डंबेलला असा ताण दिला तर हात दोन दिशांना पांगतील. त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभाच ठेवावा लागतो आणि ट्रायसेप्सचा वाटा घटतो.

सराव असलेल्या बारा पुरुषांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डंबेलने एका वेळी उचललेले कमाल वजन बारबेलपेक्षा सुमारे १७ टक्के कमी भरले. म्हणजे रॉडवर ८० किग्रॅ. ढकलणाऱ्याने प्रत्येक हातात ३३ च्या आसपास धरावे. छातीच्या स्नायूची विद्युतसक्रियता, म्हणजे काम करताना त्यात उमटणारे विद्युत संकेत, मात्र दोन्हींत सारखीच आढळली; ट्रायसेप्सची डंबेलमध्ये कमी, तोल सांभाळणाऱ्या बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, जास्त. विद्युतसक्रियता म्हणजे स्नायूची वाढ नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. तरीही कमी वजनात छाती तेवढेच काम करते ही बाब डंबेलच्या बाजूने जाते.

दुसरा फरक खोलीचा. दांडी छातीला टेकली की थांबते. डंबेल तिच्या दोन्ही बाजूंनी आणखी खाली जातात. ताणलेल्या अवस्थेतील काम वाढीला पोषक असते, असे मत अलीकडे बळावत आहे. पण या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, हाडाला चिकटण्यापूर्वी पीळ घेतो, आणि कोपर धडाच्या खाली गेले की खालच्या तंतूंवर ताण एकवटतो. हा कंडरा तुटण्याच्या घटना बहुतांशी बेंच प्रेसमध्ये, तेही वजन खाली आणताना घडतात. डंबेलने खोल जायचे तर वजन बेताचे हवे.

वजन वाढवत नेण्यात रॉड सरस. दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट लावली की अडीच किलो वाढतात. डंबेल मात्र सहसा अडीच-अडीच किलोंच्या टप्प्यांनी असल्याने जोडीमागे एकदम पाच वाढतात. उजवा हात डाव्याचे काम उरकतो की नाही, हे डंबेलच दाखवतात. तिरक्या बाकाला हेच मुद्दे लागू. सुमारे ३० अंशांचा चढ छातीच्या वरच्या भागाला मानवतो, त्याहून बराच उभा केला तर खांदाच पुढे येतो.

गोव्यातील परिस्थिती : राज्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, आणि किनारपट्टीवर हवेत मीठ असते. जुलैत रॉडच्या खरखरीत पकडीतून तांबूस भुकटी तळव्याला लागते, टोकाची फिरती नळी अडकते व मनगट पिळवटते. रबर चढवलेले डंबेल यात टिकतात. त्यांच्यावरचे आकडे मात्र पुसले जातात आणि एका हातात २० चे आणि दुसऱ्यात २२.५ चे धरले गेल्याचे तिसऱ्यांदा ढकलताना कळते. डिचोली, पेडणे, वाळपई भागांतील लहान जागांत बाक बहुधा एकच. सोमवारी, म्हणजे छातीच्या ठरलेल्या वारी, त्यापुढे रांग लागते आणि रांगेत मागे राहिलेले लोक डंबेल उचलतात. निवड पुष्कळदा अशीच होते.

वेळेचाही प्रश्न आहे. कुंडई किंवा वेर्णा येथील कारखान्यातून दुसरी पाळी संपवून रात्री येणाऱ्याला ‘मातसो हात दी रे’ (जरा हात दे रे) म्हणायला जवळ कोणी नसते. एकट्याने डंबेल धरणे त्या वेळी शहाणपणाचे : दोन्ही मांडीवर उभे ठेवायचे, मागे झोपताना गुडघ्यांनी लोटून वर आणायचे, आणि जमेनासे झाले की बाजूला सोडायचे. रॉडच घ्यायचा असेल तर अंगठा दांडीभोवती पूर्ण वळवावा आणि प्लेटी अडवणारे टोकाचे लॉक लावू नये. दांडी छातीवर अडकलीच तर एका बाजूला कलंडवून प्लेटी खाली पाडता येतात. त्या लादीवर आपटल्या की बाहेर स्कूटर चालू करणारा मालकही धावत आत येतो.