फोर्ट, मुंबई

मुंबईच्या दक्षिण भागातील, जुन्या कोटाच्या जागेवर वसलेला परिसर. उत्तरेला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुन्या लोकांचे बोरीबंदर, दक्षिणेला काळा घोडा, पूर्वेला गोदी आणि पश्चिमेला मैदानांची रांग, अशी त्याची ढोबळ हद्द. नावात किल्ला असला तरी किल्ला आता पाहायला मिळत नाही. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातला एक तुकडा आणि नौदलाच्या ताब्यातला, सामान्यांना बंद असलेला बॉम्बे कॅसल एवढेच काय ते उरले आहे. तरीही इथे फिरायला येणाऱ्याने आधी तट कुठून कुठे जात होता ते समजून घ्यावे. रस्ता मध्येच का रुंदावतो, शहराच्या सर्वांत महागड्या जमिनीत एवढी मोकळी मैदाने कशी राहिली, एका बाजूला गल्ल्या आणि दुसऱ्या बाजूला राजवाड्यासारख्या इमारती का, या साऱ्याचे उत्तर त्या नाहीशा झालेल्या भिंतीत आहे.

तटबंदी

१६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. पोर्तुगीज काळात गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे असलेल्या हवेलीभोवती कॅसल उभा राहिला आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळ्या वस्तीला तट घातला गेला. त्याला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट असे तीन दरवाजे होते. चर्चगेट हा १७१८ मध्ये उघडलेल्या सेंट थॉमस चर्चकडे नेणारा दरवाजा. तो आजच्या हुतात्मा चौकाजवळ होता. त्या नावाचे रेल्वे स्थानक मात्र तिथून बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. तटाबाहेर खंदक खणायचे ठरले, तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. पुढे तोफांच्या माऱ्यात आड येऊ नये म्हणून तटासमोरची घरे-झाडे काढून विस्तीर्ण पटांगण राखले गेले. आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने त्याच पटांगणाचे तुकडे आहेत. रविवारी जिथे एकाच वेळी डझनभर क्रिकेटचे सामने चालतात ती हिरवळ तोफखान्याच्या सोयीसाठी राहिली, हे तिथे खेळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या गावी असते.

१८०३ च्या आगीत कोटाच्या उत्तर भागातली देशी वस्ती मोठ्या प्रमाणावर जळाली आणि बरेच लोक बाहेरकोटात राहायला गेले. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा खुळखुळू लागला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मग सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे मराठी पुस्तक १८६३ मध्ये, नेमके याच धामधुमीत प्रसिद्ध झाले.

पायी फिरताना

सुरुवात टर्मिनसपासून करणे सोयीचे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. २००४ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे. लोक रस्त्यापलीकडून फोटो काढून पुढे निघतात, पण खरी मजा जवळ गेल्यावर आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. दगडात मोर, माकडे, पाने-फुले कोरलेली दिसतात. या नक्षीकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आत मात्र लोकलची गर्दी अंगावर येते. निवांत पाहायचे तर सकाळी नऊच्या आधी किंवा रविवारी जावे.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला निघाले की दोन्ही बाजूंच्या कमानी सोबत करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे बांधकाम करणाऱ्या मालकांना पदपथावर कमानी ठेवण्याची अट होती. आज भर पावसात छत्री न उघडता बराच रस्ता कापता येतो ती त्या अटीची कृपा. रस्त्याच्या शेवटी फ्लोरा फाउंटन (१८६४) आणि शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे हुतात्मा स्मारक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात गोळीबार झाला होता. कारंज्यासमोर गर्दी करून स्मारकाकडे पाठ फिरवणारे पर्यटक पाहिले की वाटते, माहिती सांगणाऱ्यांनी क्रम उलटा करून पाहावा.

पूर्वेकडे वळल्यावर सेंट थॉमस कॅथीड्रल लागते. शहरातल्या जुन्या मैलाच्या दगडांवरचे अंतर इथून मोजले जाई. पुढे हॉर्निमन सर्कल. तिथल्या गोलाकार बागेसमोर १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल आहे, त्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. नालासोपाऱ्याच्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सापडलेले अवशेष या सोसायटीच्या संग्रहात आले. जवळच ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे, १८२२ मध्ये निघालेले हे गुजराती वृत्तपत्र अजून चालू आहे.

बहुतेक वारसा फेऱ्या इथून थेट काळा घोड्याकडे वळतात आणि उत्तरेकडचा बझारगेट, बोरा बाजार, मोदी स्ट्रीट हा भाग वगळतात. हे बरोबर नाही. साहेब दक्षिणेला राहत, देशी व्यापारी उत्तरेला. निम्मा कोट न पाहताच कोट पाहिल्याचे समाधान कसले? अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, हातगाड्या यांत कोटाच्या देशी वस्तीची घडण अजून ओळखू येते. शहरातली सर्वांत जुनी, १७०९ ची बनाजी लिमजी अग्यारीही कोटातच आहे. अर्थात पारशी नसलेल्यांना तिच्यात प्रवेश नाही, दारावरूनच नमस्कार. मिंट रोडवर रतनसी मुळजी यांनी एकुलत्या एका मुलाच्या स्मरणार्थ बांधलेली पाणपोई (१८९४) आहे. तिच्या माथ्यावर पुस्तक घेऊन बसलेला तो मुलगा आहे, पण तो पाहायला मान बरीच वर करावी लागते.

काळा घोड्याचा मूळ पुतळा, सातव्या एडवर्डसकट, १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला गेला. नाव मात्र टिकले आणि २०१७ मध्ये स्वाराविना नवा घोडा तिथे बसवला गेला. शेजारच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन हॉटेलात, ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली ही इमारत आज मोडकळीला आली आहे. पश्चिमेला ओव्हलच्या कडेने उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर (दोन्ही १८७८). टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचे नाव लावले. याच मैदानाच्या पलीकडच्या कडेला १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती आहेत. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

खाणे आणि वेळ

टर्मिनससमोर वडापाव, ऑफिसांच्या गल्ल्यांत उडुपी आणि मासळीच्या खानावळी. इराणी हॉटेले कमी होत चालली आहेत. उरलेल्यांत ब्रून मस्का आणि पाणी कम चहा अजून मिळतो. बॅलार्ड इस्टेटमधले ‘ब्रिटानिया’ १९२३ चे असून ते बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे. ते दुपारच्या जेवणापुरतेच उघडते.

ऑफिसे सुटली की हा भाग झपाट्याने रिकामा होतो आणि रविवारी बरीच दुकाने बंद असतात. इमारती पाहायच्या तर रविवारची सकाळ उत्तम. बाजार पाहायचा तर कामाचा दिवसच हवा. विद्यापीठाच्या आवारात सरसकट प्रवेश नसतो आणि उच्च न्यायालयात सुरक्षा तपासणी होते. मेट्रो ३ मार्गिकेवरील हुतात्मा चौक स्थानकातून वर आले की जुन्या चर्चगेट दरवाज्याची जागा चालत अगदी जवळ आहे.