कासवाचे अश्रू आणि डोळ्यातली गाठ

वाळूत अंडी घालणाऱ्या कासवीच्या डोळ्यांतून धारा वाहतात आणि खाली ओळ असते, ‘आईच्या वेदना’. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या लोकांच्या मोबाइलवर असे व्हिडिओ फिरत असतात. ते अश्रू वेदनेचे नाहीत. कासव अंगातलं मीठ बाहेर टाकत असतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, कासवाच्या रक्तात साधारण त्याच्या एकतृतीयांश. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा खारट मूत्र बनवता येत नाही. मग जादा मीठ जाणार कुठून? हे काम डोळ्यांजवळच्या ग्रंथी करतात. ग्रंथीच्या पेशीत एक पंप असतो: दर खेपेला सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित कण) बाहेर, पोटॅशियमचे दोन आत. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतं. ती तूट भरायला रक्ताच्या बाजूनं सोडियम आत शिरतं आणि सोबत क्लोराइडही घेऊन येतं. क्लोराइड पेशीच्या दुसऱ्या टोकानं ग्रंथीच्या नळीत उतरतं. त्याच्या ऋण भाराच्या ओढीनं सोडियम पेशींमधल्या फटींतून मागोमाग जातं. नळीत जमलेला द्रव, म्हणजेच ते अश्रू, समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट असतो. किती देखणी व्यवस्था आहे ही!

काळजी करावी ती अश्रूंची नाही, गाठींची. फायब्रोपॅपिलोमॅटोसिस या रोगात कासवाच्या डोळ्यांवर, मानेवर, वल्ह्यांसारख्या पायांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी वाढतात. १९३८ साली फ्लोरिडातल्या हिरव्या कासवात त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली. या रोगाशी एक हर्पिस विषाणू जोडला गेला आहे. गाठ सहसा कर्करोगाची नसते, पण बुबुळ झाकलं की कासवाला चारा दिसत नाही, जाळं दिसत नाही, आणि ते उपासमारीनं मरतं. लेझरनं गाठ काढता येते, तरी ती पुन्हा उगवू शकते. रोग जास्त दिसतो तो किनाऱ्यालगत चरणाऱ्या अर्धवट वाढीच्या कासवांत. हिरव्या कासवाला प्रजननक्षम व्हायला दोन-तीन दशकं किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून अशी पिल्लं गेली की पुढच्या पिढीची आईच जाते.

विषाणू अंगात असूनही अनेक कासवं निरोगी राहतात. म्हणजे आणखी काही कारण हवं, आणि संशय किनाऱ्याच्या दूषित पाण्यावर आहे. हवाईतल्या संशोधकांनी शेतातून वाहून आलेला नायट्रोजन, तो साठवणारं शेवाळ आणि ते खाणारं कासव अशी साखळी मांडली; तिच्यावर वाद आहे. तरी आपण ती ऐकून घ्यावी, कारण आपल्याकडचं पाणीही शेवटी कासवांच्या समुद्रातच जातं. खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई पणजीला अरबी समुद्रात मिळते. चिकोडी-अथणीच्या उसाच्या पट्ट्यातलं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं, आणि कृष्णेच्या मुखाजवळच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

घरात कासव पाळल्यानं लक्ष्मी येते म्हणून तारा कासवं विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: तो वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि लक्ष्मी त्यानं येत नाही.

मोरजी, गालजीबाग किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवी दिसली तर टॉर्च मारू नका, अश्रू पुसायला जाऊ नका. किनाऱ्याला लागलेल्या कासवाच्या डोळ्याजवळ गाठ दिसली तर त्याला पाण्यात ढकलू नका. लांबून फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. डोळ्यांचा स्पष्ट फोटो असला, तर जाणकाराला हात न लावताही या रोगाचा संशय घेता येतो.