आडून विचारलेला प्रश्न

‘घेता का?’ या प्रश्नाचं आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: ‘कधीमधी, कुणी फारच आग्रह केला तर.’ ऐकणारा मान डोलावतो आणि मनातल्या मनात त्या ‘कधीमधी’ला दोनाने गुणतो. पिणारा खरं सांगणार नाही, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं. याच गृहीतकापोटी मानसशास्त्रात एक चमत्कारिक प्रयोग जन्माला आला. दारूचं नावही न काढता दारुडा ओळखायचा, असा तो बेत होता.

त्यासाठी लागणारा कच्चा माल आधीच तयार होता. मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात स्टार्क हॅथवे हे मानसशास्त्रज्ञ आणि जे. सी. मॅकिन्ली हे मज्जाविकारतज्ज्ञ यांनी तिथल्या रुग्णांसाठी एक भलीमोठी प्रश्नावली रचली. १९४३ साली ती प्रसिद्ध झाली आणि ‘एमएमपीआय’ या नावाने जगभर गेली. साडेपाचशे विधानं, प्रत्येकापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’. झोप, पोट, देवधर्म, शाळेतल्या खोड्या, आईबाप, असं काहीही त्यात होतं. एखादं विधान उदासीचं लक्षण का मानायचं, याला सिद्धांताचा आधार लागत नसे. उदास रुग्ण एक उत्तर देतात आणि त्या रुग्णालयात पेशंटला भेटायला आलेले धडधाकट नातेवाईक दुसरं देतात, एवढं दिसलं की पुरे. आकडा बोलला की विधान यादीत.

या पद्धतीने दारूसाठीही पट्टी, म्हणजे गुण मोजायचा निवडक विधानांचा संच, बनवता येईल, हे पन्नासच्या दशकातच काहींच्या डोक्यात आलं. पण त्यांनी दारू पिणाऱ्यांची तुलना निरोगी माणसांशी केली. त्यामुळे पट्टीत जे पकडलं गेलं ते बरंचसं सर्वसाधारण मानसिक त्रासाचं मोजमाप होतं. क्रेग मॅकअँड्र्यू या संशोधकाने १९६५ साली ही चूक टाळली. दारूच्या उपचारासाठी बाह्यरुग्ण विभागात येणारे ३०० पुरुष त्यांनी एका बाजूला घेतले, तर दुसऱ्या बाजूला दारूची तक्रार नसलेले ३०० मानसिक रुग्ण. त्रास दोघांनाही होता. उरलेला फरक काय, ते शोधायचं होतं.

५१ विधानं निघाली. त्यांतली दोन सरळ दारूबद्दल होती. मूळ प्रश्नावलीत त्यांचे क्रमांक २१५ आणि ४६०. मी दारूचा अतिरेक केला आहे, मी बेताने पितो किंवा पीतच नाही, अशा अर्थाची. मॅकअँड्र्यूंनी ती दोन्ही काढून टाकली, कारण त्यांचा रोख कुणाच्याही लक्षात आला असता. उरली ४९. बेधडकपणा, चारचौघांत रमणं, शाळेतला दंगा, असा त्यांचा सूर. २४ किंवा जास्त गुण आले की संशय. या हिशेबाने शंभरातली ऐंशीच्या आसपास माणसं योग्य गटात पडली. तपासणाऱ्यांना अर्थातच हे जादूसारखं वाटलं.

सत्तरच्या दशकात त्यात आणखी भर पडली. मिनेसोटा विद्यापीठात प्रवेश घेताना मुलं हीच प्रश्नावली भरत असत. त्यांपैकी ३८ जण पुढे, सरासरी १३ वर्षांनी, दारूसाठी रुग्णालयात दाखल झाले. जुने कागद काढून पाहिले, तर पहिल्या वर्षाला असतानाच या पट्टीवर त्यांचे गुण चढे होते. म्हणजे पट्टी दारू नव्हे, दारूकडे कलणारा स्वभाव मोजत होती. इथे मला गंमत वाटते ती वेगळीच. याच मॅकअँड्र्यूंनी १९६९ साली मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट एजर्टन यांच्याबरोबर एक पुस्तक लिहिलं. प्यायल्यावर माणूस कसा वागतो हे तो आपल्या समाजाकडून शिकतो, असा त्याचा मुद्दा.

घोळ झाला तो पट्टी दवाखान्याबाहेर पडल्यावर. मॅकअँड्र्यूंच्या अभ्यासात निम्मी माणसं व्यसनी होती, रस्त्यावर तेवढी नसतात. समजा, हजार माणसांत पन्नास व्यसनी आहेत आणि पट्टी दोन्हीकडे शंभरात ऐंशी वेळा बरोबर येते. पन्नासातले चाळीस सापडतील. पण व्यसन नसलेल्या साडेनऊशेंपैकी १९० जणांवरही तोच शिक्का बसेल. नोकरी देताना किंवा मुलाचा ताबा ठरवताना हा शिक्का वापरला तर काय होईल, ते सांगायला नको. कृष्णवर्णीय रुग्णांत तर ती पिणारे आणि न पिणारे यांत फरकच करू शकत नाही, असंही काही अभ्यासांत दिसलं. १९८९ साली गॉट्समन आणि प्रेस्कॉट या संशोधकांनी या पट्टीच्या गैरवापरावर खरपूस टीका केली.

तोवर सरळ विचारणारेही कामाला लागले होते. मनोविकारतज्ज्ञ जॉन युइंग यांचे चार प्रश्न १९८४ साली छापून आले: कमी करावी असं कधी वाटलं? कुणी टोकलं तर राग येतो? अपराधी वाटतं? सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो? मग जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही पिण्याची सवय तपासणारी चाचणी आली. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाची जी चाचणी झाली (अहवाल २०१७ चा), तिच्यात पुरुष निवडले ते याच ‘ऑडिट’च्या १२ ते १९ गुणांवर. रांगेत उभ्या माणसाला किती पितोस, कितीदा पितोस, हे तोंडावर विचारलं आणि त्याने सांगितलं. शिक्षेची भीती नसली की माणसं बऱ्यापैकी खरं बोलतात, हे आडून विचारणाऱ्यांनी फारसं अजमावलंच नव्हतं.

एमएमपीआयलाही ते पुढे पटलेलं दिसतं. १९८९ च्या आवृत्तीत मॅकअँड्र्यूंच्या पट्टीतली धर्माविषयीची चार विधानं गेली, त्यांच्या जागी नवी आली आणि पट्टी टिकली. पण १९९२ साली तिच्या शेजारी १३ विधानांची, उघड विचारणारी एक पट्टी बसली. २००८ च्या आवृत्तीत मॅकअँड्र्यूंची पट्टी नाहीच. व्यसनासाठी तिथे जी आहे, ती दारू आणि नशेबद्दल सरळ विचारते. आणि १९९२ च्या त्या तेरांमध्ये मॅकअँड्र्यूंनी बाजूला काढलेलं जुनं २१५ क्रमांकाचं विधान आहे, फक्त आता त्याचा क्रमांक २६४.