पत्र्यावरचा पंखा दुपारी, खिडकीवरचा पंखा रात्री

मे महिन्यात परभणीच्या किंवा नांदेडच्या एखाद्या स्लॅबच्या घरात रात्री अकरा वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावला, तर छत अजूनही चटका देते. अंगणात त्याच वेळी हवा सुटलेली असते आणि शेजारचे लोक गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे टाकत असतात. घरात छताचा पंखा पाच नंबरवर फिरत असतो खरा, परंतु तो खोली थंड करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्यामुळे माणसाला बरे वाटते. खोलीतील उष्णता होती तेथेच राहते, उलट पंख्याच्या मोटरची थोडीशी तिच्यात मिसळते.

ही उष्णता किती असते, याचा हिशोब सोपा आहे. बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब खोलीवरच्या पाच इंची स्लॅबचे वजन सुमारे ५ टन भरते. तो एका अंशाने निवायचा असेल, तर त्यातून साधारण १.२ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर जावी लागते. दहा अंशांनी निवायचा असेल, तर १२ युनिट. दिवसभर उन्हाने भरलेली ही कोठी रात्री खालच्या माणसांवर रिकामी होत राहते. पत्र्याचे वागणे याच्या नेमके उलट असते. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या त्या पातळ चादरीत साठवण जवळजवळ नसल्याने ती दिवस मावळताच निवते, पण भर दुपारी तिचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते आणि तिच्याखाली बसणे नको होते.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाने हे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सोडवले होते. लाकडी सरे, त्यांवर फळ्या आणि त्यांवर फूट-दीड फूट मातीचा थर, वरून पांढरी माती, अशी ती रचना दुपारची धग खाली पोहोचूच देत नसे. धूर आणि उजेडासाठी छताला ठेवलेल्या सवण्यातून वर चढलेली गरम हवा निघून जाई. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि हीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली आणि पत्रा व स्लॅब जवळ केला, यात त्यांचे काहीच चुकले नाही. फक्त माळवद गेले, तेव्हा त्याच्यासोबत सवणेही गेले, आणि त्याची जागा कशानेच घेतली नाही.

अमेरिकेत उतरत्या छपराखाली पोटमाळ्यासारखी जी बंद पोकळी असते, तिच्यातील तापलेली हवा बाहेर फेकण्यासाठी अ‍ॅटिक फॅन बसवतात. पोकळीतील तापमान चाळिशीच्या आसपास ठरवलेल्या अंकापलीकडे गेले की थर्मोस्टॅट तो पंखा आपोआप सुरू करतो. त्याच्याच जोडीला तेथे दुसरा एक पंखा वापरात आहे. तो राहत्या खोल्यांच्या छतात बसवतात आणि संध्याकाळनंतर खिडक्या उघडून चालवतात. तो अख्ख्या घराची हवा वर ओढून पोकळीवाटे बाहेर घालवतो. दिसायला दोन्ही सारखे असले, तरी त्यांचे घड्याळ वेगळे आहे. पंखा गारवा तयार करत नाही, तो फक्त आतली हवा काढून तिच्या जागी बाहेरची आणतो. म्हणून बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तेवढाच वेळ त्याचा उपयोग. पत्रा आणि पीओपीचे सीलिंग यांच्या मधल्या जागेत दुपारी ५५ अंश आणि बाहेर ४२ अंश असतील, तर तेथला पंखा दुपारीच चालला पाहिजे. बैठकीच्या खोलीत मात्र त्याच वेळी ३६ अंश असतील, तर तेथला एक्झॉस्ट सुरू करणे म्हणजे पैसे मोजून लू आत बोलावणे होय.

रात्रीच्या पंख्याला मराठवाड्यात फार चांगले दिवस आहेत, असे मला वाटते. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडते. चाळिशीपार गेलेला पारा पहाटे पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरतो. मुंबईकराला हे सुख नाही. घरगुती बारा इंची एक्झॉस्ट ताशी साधारण १,००० घनमीटर हवा फेकतो, असे धरू. आतल्या-बाहेरच्या हवेत दहा अंशांचा फरक असेल, तर तो सुमारे ३.२ किलोवॅट उष्णता बाहेर नेतो. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट नेतो. पंख्याची वीज मात्र एखाद्या जुन्या बल्बाइतकी असते. अर्थात खोली निवत जाईल तसा हा फरक आणि त्यासोबत पंख्याचा जोर कमी होत जातो, आणि स्लॅबमधले ते बारा युनिट हळूहळूच सुटतात. त्यामुळे पंखा तासभर चालवून बंद करण्यात अर्थ नाही. तो पहाटेपर्यंत चालवावा आणि ऊन वर येण्याआधी खिडक्या लावून घ्याव्यात.

माळ्यावरच्या दुपारच्या पंख्याबद्दल मी इतका उत्साही नाही. तो पोकळीतली हवा बदलतो, परंतु तापलेला पत्रा खालच्या सीलिंगकडे जी उष्णता किरणांच्या रूपाने टाकतो, ती हवेच्या वाटेने येत नाही आणि पंख्याला तिचे काही करता येत नाही. शेकोटीसमोर वारा असला तरी तोंड भाजते, तसेच हे. म्हणून आधी पत्र्याला वरून चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात द्यावा आणि सीलिंगवर उष्णतारोधक थर टाकावा. त्यानंतर खिशात पैसे उरले तर पंखा घ्यावा. पत्र्यावर तुराट्या किंवा पाचट अंथरण्याची गावाकडची रीत याच तत्त्वावर चालते, फक्त ठिणगीची भीती तिच्यात कायम असते. एक गोष्ट मात्र या पंख्याच्या बाजूने सांगावी लागेल: त्याची गरज ऐन उन्हात असते, त्यामुळे छोट्या सौर पॅनलवर तो भारनियमनातही फिरतो.

बहुतेक घरांत चूक होते ती हवा आत येण्याच्या वाटेबाबत. गरम हवा आपोआप वर जाते हे खरे, पण तिचा रेटा फार नाजूक असतो. तीन मीटर उंचीच्या खोलीत दहा अंशांच्या फरकाने जेमतेम एक पास्कल दाब तयार होतो, म्हणजे टेबलावर पडलेला वहीचा एक कागद टेबलाला जितका दाबतो, साधारण तितकाच. धुळीने भरलेली मच्छरजाळी त्याला अडवायला पुरेशी आहे. पंख्याचा जोर याहून बराच जास्त असतो, परंतु खिडक्या बंद असतील तर तोही जागच्या जागी घरघरतो. याची परीक्षा उदबत्तीने घेता येते. पंखा सुरू करून पेटती उदबत्ती उघड्या खिडकीच्या चौकटीशी धरावी. धूर ठामपणे आत ओढला गेला तर वाट बरोबर आहे, आणि तो सरळ वर गेला किंवा मोरीच्या जाळीकडून वास येऊ लागला तर हवा भलतीकडून येत आहे. पंखा उंचावर एका टोकाला आणि उघडी खिडकी सावलीच्या बाजूला, दुसऱ्या टोकाला, शक्यतो खाली असावी.

मोरीचा वास परवडला, पण न्हाणीघरात गॅस गिझर असेल किंवा घरात चूल पेटत असेल, तर बंद खिडक्यांनिशी जोराचा एक्झॉस्ट चालवणे जिवावर बेतू शकते. बाहेर जाणारी जळकी हवा पंखा उलट घरात ओढतो. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

कूलर असलेल्या घरात हाच पंखा वेगळ्या कामाला येतो. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला की अर्ध्या तासात खोली चिकट होते, कारण दमट हवेला बाहेर पडायला वाट नसते आणि तीच पुन्हा पुन्हा भिजत राहते. वरच्या कोपऱ्यातला एक्झॉस्ट मंद गतीवर ठेवला तर खर्च केलेल्या पाण्याचा गारवा टिकतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांना पाण्याच्या या हिशोबाचे महत्त्व समजावून सांगायला नको.

वीजच नको असेल, तर गोदामांवर आणि कारखान्यांच्या शेडवर फिरणारे पत्र्याचे गोल घुमट पाहावेत. वाऱ्यावर आणि वर चढणाऱ्या गरम हवेवर ते टर्बो व्हेंटिलेटर फिरतात. वारा पडला की मंदावतात. घराच्या पत्र्यावर ते बसवायचे झाल्यास भोकाभोवतीचा सांधा मृगाआधी नीट भरून घ्यावा लागतो. माळवदाच्या सवण्यावरही पावसाळ्यात झाकण ठेवावेच लागे, आणि ते ठेवायला विसरले की खाली परात मांडावी लागे.